तोंडानं काढलेला आवाज

मला गाड्यांचे आवाज काढता येतात. नुसतं भुर्र-भुर्र न्हवं. एसटी घाटात दुसऱ्या गिअरवर कशी रडती, डिझेलची गाडी थंडीत सकाळी कशी खोकती, रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी एक्सलेटर कसा खाजवतो, ते सगळं. नववीत असताना गॅदरिंगला मी हेडसरांच्या स्कूटरचा आवाज काढला, तर हेडसर पळत गाडी बघायला बाहेर गेलते. तवापासनं माझं तोंड बंद झालं न्हाय. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर, लग्नात जेवणाच्या पंगती उशिरा बसल्या की, आणि कट्ट्यावर तर रोजच.

ह्या तोंडानं मी एका माणसाचं नाव घालवलं. त्येचंच सांगतोय. मधीमधी चेष्टा करीन, ती माझी खोड हाय, तेवढी समजून घ्या.

उचगावात हायवेच्या अंगाला गॅरेजची एक रांग हाय. त्यातल्या एका पत्र्याच्या शेडात आमचे मिस्त्री. साठीच्या पुढचे, अंगानं वाळलेले, खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जुन्या फोर-बाय-फोर जीपा म्हटलं की मिस्त्रीच. राधानगरीकडनं, आजऱ्याकडनं लोक यायचे. कारण त्यांचा कान. मिस्त्रींकडं हातभर लांब, लाकडी मुठीचा एक पेचकस हुता. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, आतलं अमुक गेलंय. उघडलं की तेच गेलेलं असायचं. रांगेत बाकीच्यांकडं मशिनी आल्या, कॉम्प्युटर आले. मिस्त्रींकडं तेवढा कान. त्या कानावर त्यांचं सगळं दुकान चालायचं.

आणि दुसरी एक रीत हुती त्यांची, जी बाकी कुठंच न्हवती. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, “मिस्त्री, गाडी आवाज कराय लागलीय,” की मिस्त्री गाडीकडं बघायचेच न्हाईत. गिऱ्हाइकाच्या म्होरं उभं राहायचे, पार तोंडाजवळ, आणि म्हणायचे, “कसा? तोंडानं काढून दाखवा, पावणं.”

मग काय विचारता. इस्त्रीचा शर्ट घातलेला सायब, खिशाला दोन पेनं, रस्त्यात उभं राहून “कुईं, कुईं” करायचा. कोण “टक-टक-टक”, कोण “घुर्रर्र”. एक मंगल कार्यालयाचे मालक हुते, त्यांनी तर दोन्ही हातानं स्टेअरिंग धरल्यागत करून, पाय आपटून दाखवलं. आम्ही पोरं समोरच्या चहाच्या गाड्यावर बसून हसून हसून मरायचो. एकदा शाहूपुरीतले एक शेठ आले, धुळीचा त्रास म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला. रुमालाच्या आतनं त्यांनी कायतरी बारीक आवाज काढला. मिस्त्री म्हणाले, “रुमाल काढा, शेठ.” शेठ म्हणाले, “अहो, ऐकू येतंय की एवढं.” मिस्त्री म्हणाले, “रुमाल काढा आन परत काढा.” चहाच्या गाड्यावर आमचा एकाचा चहा नाकातनं आलता.

मला वाटायचं म्हातारा मिश्कील हाय. मोठमोठ्या लोकांस्नी कोंबड्यागत ओरडायला लावतोय, मजा घेतोय. माझ्यासारखाच.

आता आमची जीप. पप्पा हायस्कूलला गणिताचे मास्तर. माणूस एवढा सरळ की रिकाम्या रस्त्यात वळतानासुद्धा इंडिकेटर दाखवणार. पण ही एक जुनी जीप त्यांनी नाद म्हणून ठेवलीय. कारण आत्याचं शेत शाहूवाडीत, डोंगराच्या अंगावर, भाताची खाचरं. शेवटचा चढ असा हाय की साधी गाडी अर्ध्यात सरळ खाली येती. तिथं चारी चाकांनी ओढणारीच पाहिजे. दर पंधरवड्याला पप्पा जातात. आत्या एकटीच असती तिथं.

तर त्या जीपचं क्लचचं पायडल दाबलं की आवाज यायला लागला. पप्पा शाळेत जाता जाता म्हणाले, “मिस्त्रींना दाखवून आण. रविवारी चढावर क्लचनं दगा दिला तर पंचाईत.”

मी गाडीत बसलो. सवयीनं आधी पायडल दाबलं, मग चावी फिरवायला हात नेला. तर “कुच्”. इंजिन बंदच हुतं अजून. परत दाबलं. “कुच्”. कोरड्या दाराच्या बिजागरीगत, एवढूसा, एकदाच. दाबताना एक, बस्स.

हे नीट सांगतोय कारण सगळं इथंच हाय. मिस्त्रींनीच शिकवलेलं मला, शेडात बसून, दहा वेळा. “पायडल दाबलं आन इंजिन चालू असताना किंचाळलं, तर आतलं दाबायचं बेरिंग गेलं. पायडल सोडल्यावर घरघरलं, तर गिअरबॉक्सचं बेरिंग. आन इंजिन बंद असताना नुस्तं पाय ठेवल्यावर वाजलं, तर आतलं काय न्हाय. बाहेरचं हाय, वंगण मागतंय.” क्लचचं सगळं शास्त्र तीन वाक्यात. म्हणजे मला गॅरेजला जायच्या आधीच ठाऊक हुतं की गाडीला चमचाभर ग्रीस पाहिजे. ठाऊक हुतं म्हणजे एकदम ठाऊक.

गॅरेजला गेलो तर गर्दी. तीन जीपा लागलेल्या, त्यांचे मालक, चहाच्या गाड्यावरची आमची गँग, शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक पाना हातात घेऊन नुसता उभा. मला बघून कोण तरी वरडलं, “आला, आला कलाकार! मिस्त्री, आता खरा आवाज येणार बघा.”

मिस्त्री हसले. कधी न्हाय ते हसले. फडक्यानं हात पुसत माझ्यासमोर आले. “काय झालं रं?”

“क्लच वाजतोय, मिस्त्री.”

“दाखव.”

मी खरा आवाज काढला. शपथ, पयल्यांदा खराच काढला. “कुच्.”

कोण हसलं न्हाय. एक जण म्हणाला, “हे काय, उंदीर मारला व्हय?” त्यावर सगळे हसले, पण ते त्याला हसले. मला न्हाय.

माझ्यासारख्याला हे सोसत न्हाय. स्टेजवर चढलो आणि पयला आवाज पडला, की दुसरा मोठा काढावाच लागतो. मग हात आपोआप स्टेअरिंगवर गेले, म्हणजे हवेतल्या. मी इंजिन चालू केलं, घुर्रर्र. गिअर टाकल्यागत केलं. पाय उचलला, पायडल दाबलं, आणि दात विचकून, मान ताणून असं किंचाळलो, “कीं-ईं-ईं-ईं-ईं!” की हायवेवरचा एक टँकरवाला हळू झाला. पाय सोडला, घुर्रर्र. परत दाबला, “कीं-ईं-ईं-ईं!” मधी एक बेल्ट तुटल्याचा, एक पप्पांच्या खोकल्याचा. सगळी गँग लोळायला लागली. शेजारचा मेकॅनिक पाना मांडीवर आपटून हसत हुता.

मिस्त्री हसत न्हवते. ते माझ्या तोंडाकडं बघत हुते. असं बघत हुते जसं पप्पा पेपर तपासताना शेवटच्या गणिताकडं बघतात.

“दाबल्यावर?” त्यांनी विचारलं.

“व्हय की.”

“इंजिन चालू असताना?”

समोर पंधरा माणसं. मी म्हणालो, “व्हय की, मिस्त्री. कान फाटतोय.”

त्यांनी जीप चालू केली. एका हातानं पायडल दाबलं, दुसरा पंजा गिअरच्या दांड्यावर ठेवला. मग खाली वाकून पेचकस लावला. बराच वेळ. मी म्हटलं आता सांगतील, गाढवा, कुठं किंचाळतंय, नुसतं कुच् करतंय. ते उठले, कपाळाला आठ्या.

“हाताला काय लागंना,” ते म्हणाले. बारीक आवाजात म्हणाले, गर्दीला ऐकू जाऊ नये असं. “बेरिंग गेलं तर हाताला मुंग्या येत्यात. पण तुझ्या कानाला लागतंय न्हवं?”

हे वाक्य मला तवा समजलं न्हाय. मला वाटलं, कौतुक करायलेत. एवढा मोठा मिस्त्री माझ्या कानाचं कौतुक करतोय.

“लागतंय की,” मी म्हणालो.

“मग उतरवतो. तुझं तोंड खोटं न्हाय बोलत.”

गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. साध्या गाडीचा एक डबा. ह्या जीपला त्या डब्याच्या मागं चारी चाकांचा दुसरा डबा, दोन्हीकडं दांडे. साठीचा माणूस दोन दिवस पाठीवर झोपून, छातीवर लोखंड घेऊन. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर मिस्त्रींनी ते दाबायचं बेरिंग काढून बाकड्यावर फडक्यात ठेवलेलं. बोटात धरून फिरवत हुते. सारखं फिरवत हुते.

“बघ,” म्हणाले. “लोण्यागत फिरतंय. ह्ये कसं किंचाळंल?”

इथं मला सांगता आलं असतं. शेडात आम्ही दोघंच. कोण हसणारं न्हवतं, कोण बघणारं न्हवतं. नुसतं म्हणायचं हुतं, मिस्त्री, मी वाढवून सांगितलं. पण आता गाडीचं पोट फाडून ठेवलेलं. आता सांगायचं म्हणजे कशासाठी फाडलं हे पण सांगायचं. मी म्हणालो, “लोण्यालासुद्धा कधी कधी खवट वास येतो की, मिस्त्री.”

हे मी म्हणालो. मला अजून पाठ हाय.

मिस्त्री हसले न्हाईत. मग म्हणाले, “हात म्हातारा झाला आसंल. तू म्हणतोस तर घालू नवं.” आणि त्यांनी चांगलं बेरिंग फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि नवं घातलं.

तिसऱ्या दिवशी पप्पा शाळा सुटल्यावर माझ्यासोबत गाडी न्यायला आले. शनिवार हुता, दुपार, रांगेत सगळी माणसं. मिस्त्रींनी जीप चालू करून दिली. “सर, बघा आता चालवून.”

पप्पा बसले, पायडल दाबलं. “कुच्.”

पप्पांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री मान डोलवत हुते, समाधानानं. पप्पांनी परत दाबलं. “कुच्.” मिस्त्री म्हणाले, “गेला न्हवं? म्हटलं हुतं न्हवं.”

पप्पांची एक सवय हाय. वर्गात पण तेच करतात. गणित चुकलं की म्हणतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. त्यांनी इंजिन बंद केलं. सगळं शांत. पायडल दाबलं. “कुच्.” आता तर मांजरानं पाय आपटला तरी ऐकू यावा एवढी शांतता. परत, “कुच्.” परत, “कुच्.”

“मिस्त्री,” पप्पा म्हणाले, खाली पायाकडं बघत म्हणाले, “येतोय की हो अजून.”

मिस्त्री म्हणाले, “आं?”

पप्पांनी मान वर केली. “आवाज. येतोय अजून.”

“आता?”

“आता.” कुच्. “हा बघा.” कुच्. “ऐकू येतंय न्हवं?”

आणि मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. गाडीकडं न्हवं, पायडलकडं न्हवं. माझ्या तोंडाकडं. मी ते तोंड घट्ट मिटून घेतलेलं.

शेजारच्या गॅरेजच्या मेकॅनिकला काय वाईट करायचं न्हवतं. त्याचा आवाजच मोठा हाय. तो तिथनं वरडला, “अवो मिस्त्री, हे तर मला हितनं ऐकू येतंय की! पायडलची आडवी दांडी कोरडी पडलीय. तुम्हास्नी न्हाय व्हय ऐकू येत?”

दोघं-तिघं हसले. मग हसणं थांबलं. मग एकेकाच्या तोंडावर ते आलेलं मी बघितलं. तोंडानं काढून दाखवा. रुमाल काढा, शेठ. कानाला न्हवं, कानामागच्या हाडाला पेचकस. कधीपासनं कोण जाणे, मिस्त्रींना बारीक आवाज ऐकूच येत न्हवते. जाड घरघर हाताला लागायची, हाडाला लागायची. बारीक जे काय असंल ते गिऱ्हाइकाच्या ओठावरनं वाचायचे. दात दिसले की किंचाळणं, ओठ गोल झाले की घुमणं, जीभ टाळ्याला लागली की टकटक. एवढ्यावर ह्या माणसानं सगळ्या जिल्ह्याच्या जीपा चालत्या ठेवल्या हुत्या, आणि कुणाला पत्ता न्हवता.

मिस्त्री खाली वाकले, ग्रीसची डबी घेतली. बोटानं त्या दांडीला दोन्हीकडनं ग्रीस लावलं. पप्पांनी पायडल दाबलं. काय न्हाय. परत दाबलं. गप्प.

मिस्त्रींनी विचारलं, “गेला?”

साधा प्रश्न हाय. पण रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, ज्याच्या कानाच्या गोष्टी सांगत लोक यायचे, त्या माणसानं पप्पांना विचारलं, गेला का. पप्पांनी मान डोलवली. दोन वेळा, मोठ्यानं डोलवली, म्हणजे दिसंल अशी. आणि हात जोडले.

घरी आल्यावर पप्पांनी अंगणात गाडी लावली, चावी काढली आणि तिथंच बसून राहिले.

“तू त्यांना काय आवाज काढून दाखवलास?”

“जो येत हुता तोच.”

“मला दाखव.”

“पप्पा, जाऊ दे की.”

“दाखव.”

मी दाखवला. आपल्या बापासमोर, बंद गाडीत, शेजारच्या सीटवर बसून, दात विचकून “कीं-ईं-ईं” केलं. अर्ध्यात आवाज फुटला. कलाकार म्हणून सांगतो, आयुष्यात एवढा वाईट प्रयोग झाला न्हाय.

पप्पा म्हणाले, “हा आपल्या गाडीचा आवाज न्हाय.”

आणि उतरून आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्या ओरडण्याची नक्कल करतो, लई भारी जमती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणवून घ्यायला जागा राहिली असती. पण त्याच संध्याकाळी मी चहाच्या गाड्यावर गेलतो. आणि गँगनं म्हटलं, “मिस्त्री करून दाखव की.” पयल्यांदा न्हाय म्हणालो. दुसऱ्यांदा न्हाय म्हणालो. तिसऱ्यांदा एका पोरानं स्वतःच करायला घेतलं, आणि ते इतकं वाईट करत हुतं की मला राहवेना. म्हटलं, तसं न्हाय रे, बाजूला हो. चहाचा चमचा घेतला, कानामागं लावला. डोळे बारीक केले. “आं? आं? रुमाल काढा, शेठ. दात दिसू द्यात, पावणं. गेला? गेला का?”

चहावाल्यानं गॅस बारीक करून बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजल्यावर मला बरं वाटलं. ते मला सगळ्यात जास्त लागतं. मला बरं वाटलं.

आठ दिवसात ती नक्कल सगळ्या उचगावात गेली. बारकी पोरं शाळेतनं येताना पट्टी कानामागं लावून “आं? गेला का?” करायची. मी शिकवलेली न्हवती त्यांना. पण हाताची ढब माझी हुती, मान तिरकी करायची पद्धत माझी हुती. आपलं पोर दुसऱ्याच्या दारात दगड मारताना बघावं तसं बघत मी तिथनं जायचो.

मी रांगेकडं जायचं बंद केलं. महिनाभर तरी गेलो न्हाय. मग आत्याकडनं येताना जीपचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी, मोडला आणि पप्पा म्हणाले, “मिस्त्रींकडंच टाक.” मी म्हटलं, शेजारच्याकडं टाकतो. पप्पांनी नुसतं बघितलं.

गेलो. शेडाबाहेर एक जीप, तिच्याखाली मिस्त्रींचे पाय. मी उभा राहिलो. तेवढ्यात एक पावणं आले, भुदरगडकडचे, मोठी पांढरी गाडी. खाली वाकून म्हणाले, “मिस्त्री, क्लच आवाज कराय लागलाय.” मिस्त्री गाडीखालनं सरकून बाहेर आले. पावण्यांच्या तोंडाकडं बघितलं. पावणं सवयीनं आपोआप घसा खाकरून आवाज काढायला तयार झाले, कुणीतरी त्यांना रीत सांगितलेली असणार. मिस्त्रींनी हात वर केला, नको म्हणून. आणि तो हात शेजारच्या गॅरेजकडं केला.

“क्लचचं तिकडं न्या. मी आता पाटं आन चाकाच्या हबचं तेवढं करतो.”

पावणं गेले. ती गाडी चालू हुती आणि पायडल सोडलेलं हुतं, आणि मला ते साफ ऐकू येत हुतं, घरघर, गिअरबॉक्सचं बेरिंग, पुढचं. मिस्त्रींनी ते नुसता पंजा ठेवून सांगितलं असतं. त्याला कान लागतच न्हाय. पण आता त्यांचा पंजावरचा पण विश्वास गेलता. तो पण मीच घालवला, लोण्याच्या जोकमधी.

मिस्त्री मला न बघता परत जीपखाली गेले. फक्त पाय बाहेर, चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

मी त्या पायांजवळ बसलो. आणि बोललो. सगळं बोललो. मिस्त्री, मी खोटा आवाज काढला. खरा आवाज एवढासाच हुता. तुम्ही विचारलं तवा मी खोटं बोललो, बेरिंग दाखवलं तवा परत खोटं बोललो. गाड्यावर नक्कल मीच केली. माफ करा. बोलताना डोळ्यात पाणी आलं, एवढं चांगलं मी कधीच बोललो न्हवतो.

आणि बोलता बोलता मला कळत हुतं की मी ज्याला ऐकू येत न्हाय त्या माणसाच्या तळपायांना बोलतोय. त्याला माझं तोंड दिसू नये अशा ठिकाणी बसून बोलतोय. म्हणूनच जमतंय.

पाय हलले. मिस्त्री सरकून बाहेर आले, पाठीवरच झोपलेले, तोंडावर काळं.

“काय म्हणालास?”

“काय न्हाय, मिस्त्री. चहा आणू काय?”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. “कवापासनं तुझं गुडघं दिसायलेत मला हितनं. चहा इचारायला एवढा येळ लागतो व्हय?”

ते उठून बसले. फडकं घेतलं, बोटं एकेक करून पुसली. वाट बघत हुते. त्यांना काय घाई न्हवती.

मी म्हणालो, “मी खोटा आवाज काढला हुता.”

“आं?”

शेजारच्या गॅरेजात काम चालू हुतं, चहाच्या गाड्यावर चार पोरं. मी जरा मोठ्यानं म्हणालो, “खोटा आवाज काढला हुता मी. तुमच्यासमोर.”

“तोंड उघडून सांग. दात दिसू दे.”

चहाच्या गाड्यावरची पोरं इकडं बघायला लागली. ‘दात दिसू दे’मधी एकानं माझी नक्कल वळखली असणार, तो हसायच्या बेतात हुता. शेजारचा पाना थांबला. मी तोंड उघडलं. हात कुठं ठेवायचे कळंना. कुठला आवाज लावायचा ते कळंना. दुसऱ्या कुणाचा आवाज आयत्या वेळी सापडला न्हाय, मग माझाच जो काय हुता तो काढला, चिरका, “मी खोटं बोललो मिस्त्री, गाडी नुसतं कुच् करत हुती, ग्रीसचं काम हुतं, मला ठाऊक हुतं, लोक हसावेत म्हणून मी वाढवलं आणि तुम्हाला गिअरबॉक्स उतरवायला लावला.”

सगळ्या रांगेनं ऐकलं. कोण हसलं न्हाय.

मिस्त्री बघत राहिले. मग फडकं खांद्यावर टाकलं.

“कळलं,” म्हणाले. “आत्ता पयल्यांदा बोललास तवाच कळलं हुतं.”

आणि परत पाठीवर झोपून जीपखाली सरकले.

चहाचं ते काय बोलले न्हाईत. मी तरी आणला. गाड्यावर पोरांनी मला जागा करून दिली. ग्लास घेऊन आलो तर परत पायच बाहेर. हाक मारून उपयोग न्हाय. मी बोटाच्या पेरानं चासीवर दोनदा ठोकलं. खालचा पाना थांबला. काळा हात बाहेर आला, जमिनीवर एक जागा बोटानं दाखवली, इथं ठेव, आणि मग तोच हात हलवला, जा म्हणून.

ठेवला आणि गेलो.